जुनी इटालियन सुपरकार घ्यायचीय? आधी नंबर बघा, रंग नंतर

एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून निघालेल्या, एकाच रंगाच्या दोन लॅम्बोर्गिनी मिउरा शेजारी शेजारी उभ्या केल्या तर एकीचा भाव दुसरीच्या दीडपट असू शकतो, आणि नव्या माणसाला बाहेरून बघून त्यातलं काहीच कळत नाही. किंबहुना जी जास्त चमकत असते तीच बऱ्याचदा स्वस्तातली निघते. तो फरक कुठून येतो आणि तो खिशाला चाट बसायच्या आधी कसा ओळखायचा, एवढंच इथे लिहितोय.

हे वाचणाऱ्यांत ज्यांच्याकडे खरंच तेवढे पैसे आहेत असे थोडेच असणार, म्युनिकला नाहीतर न्यू जर्सीला बसून रात्री दोन वाजेपर्यंत ऑक्शनचं लाइव्ह बघणारे जास्त, याची मला पूर्ण कल्पना आहे :) पण भाव कसा ठरतो हे दोघांनाही सारखंच लागू आहे, आणि नुसतं बघणाऱ्याला पण कळलं की कुठली गाडी महाग का गेली तर मजा वेगळीच येते. उदाहरण म्हणून मी मुख्यतः मिउराच धरणार आहे कारण या गाडीत सगळे घोळ एकत्र सापडतात, मधे मधे फेरारी येतील.

पायरी १ : एकच मॉडेल धरा आणि त्यातच बुडा

"मला क्लासिक इटालियन काहीतरी घ्यायचंय" असं म्हणून बाजारात उतरू नका. फेरारी डेटोना, लॅम्बोर्गिनी कुंताश, मिउरा, फेरारीची डिनो या चार वेगळ्या दुनिया आहेत, एकीतलं ज्ञान दुसरीत निम्मं पण चालत नाही. सहा महिने एकाच मॉडेलवर काढा, मिळतील तेवढे ऑक्शन कॅटलॉग वाचा, फोटो झूम करून बघा, इंजिनाच्या कप्प्याचे फोटो तर विशेष.

मिउराची थोडक्यात कुंडली अशी. नोव्हेंबर १९६५ ला तोरिनोच्या मोटर शोमध्ये लॅम्बोर्गिनीने नुसती चेसिस ठेवली होती, बॉडी नव्हतीच, तरी लोक चेक फाडायला तयार. मार्च १९६६ ला जिनिव्हात पूर्ण गाडी आली. इंजिनिअरिंग जान पाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तान्झानी यांचं, डिझाइन बेर्तोने कंपनीत काम करणाऱ्या मार्चेल्लो गांदिनीचं, आणि गाडी पळवून पळवून सुधारली ती बॉब वॉलेस या न्यूझीलंडच्या टेस्ट ड्रायव्हरने. ३.९ लिटरचं व्ही-१२ इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे आडवं बसवलेलं. १९७३ पर्यंत सगळ्या मिळून साधारण ७६० गाड्या झाल्या, म्हणजे दुर्मीळ आहेत पण इतक्याही नाहीत की बाजारात येतच नाहीत. त्यामुळे तुलना करायला गाड्या मिळतात, शिकायला हे फार उपयोगी पडतं. फेरारी २५० जीटीओचं उलटं आहे, ३६ च गाड्या, दर काही वर्षांनी एखादी विकली जाते आणि २०१८ ला एक ४.८४ कोटी डॉलरला गेली, त्यात तुम्ही आम्ही काय तुलना करणार.

बजेट मिउराचं नसेल (म्हणजे दहा लाख युरोच्या आसपास किंवा वर) तर डिनो २४६ बघा, मासेराती मेराक बघा, लॅम्बोर्गिनी उराको बघा. दे तोमासो पान्तेरा तर नवशिक्यासाठी माझ्या मते सगळ्यात शहाणपणाची, बॉडी इटालियन पण इंजिन फोर्डचं व्ही-८, अमेरिकेत ती फोर्डच्याच लिंकन-मर्क्युरीच्या शोरूममधून विकायचे, त्यामुळे इंजिनाचे पार्ट आजही सहज आणि परवडतील अशा भावात मिळतात. फक्त गंज बघा, पान्तेरा गंजते म्हणजे गंजतेच.

पायरी २ : व्हर्जन तोंडपाठ करा

मिउरात तीन मुख्य व्हर्जन: पी४००, मग पी४०० एस, मग पी४०० एसव्ही. ३५०, ३७० आणि ३८५ हॉर्सपॉवर असं कंपनी सांगायची. एसव्ही फक्त १५० झाल्या आणि भावाला ती साध्या पी४०० च्या दुपटीच्या आसपास असते, कधी जास्तच. आता जिथे दुप्पट भाव आहे तिथे हातचलाखी येणारच, त्यामुळे आयुष्यात कधीतरी एसव्हीचा मेकअप केलेल्या एस आणि पी४०० बऱ्याच आहेत.

एसव्हीची ओळख म्हणजे मागची चाकं रुंद, ९ इंची, त्यामुळे मागचे फेंडर फुगलेले, टेललाइट वेगळे, आणि हेडलाइटभोवती पापण्यांसारख्या काळ्या पट्ट्या असतात त्या बहुतेक एसव्हींना नाहीत. पण पापण्या काढणं आणि फेंडर बदलणं हे कुठलाही चांगला डेंटिंगवाला करून देतो. मागच्या सस्पेन्शनचे खालचे आर्म बघा, एसव्हीला ते वेगळ्या घडणीचे आहेत, ते बदलायचं म्हणजे चेसिसवरच्या माउंटिंगला हात घालावा लागतो आणि तिथे वेल्डिंगच्या खुणा राहतात. मालकाने स्वतःहून "ही एसव्ही स्पेकला अपग्रेड केलेली एस आहे" असं लिहून दिलं असेल तर वाईट काहीच नाही, काही लोक मुद्दाम तशी घेतात कारण चालवायला बरी, फक्त भाव एसचा द्या.

अगदी सुरुवातीच्या सव्वाशे गाड्यांचा चेसिसचा पत्रा ०.९ मिलिमीटर जाडीचा होता, नंतर १ मिलिमीटर केला. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो पण पन्नास वर्षांच्या पत्र्यात जाणवतो, आणि वजन कमी करायला चेसिसला जागोजागी भोकं पाडलेली आहेत त्यात पाणी जाऊन बसतं ते वेगळंच.

पायरी ३ : नंबर

इथे खरा पैसा आहे म्हणून जरा सावकाश वाचा.

मिउराला तीन नंबर असतात. चेसिसचा, इंजिनाचा, आणि बेर्तोनेच्या बॉडीचा प्रॉडक्शन नंबर. तिन्ही नंबर कारखान्याच्या रेकॉर्डमध्ये एकाच ओळीत असायला पाहिजेत, म्हणजे अमुक चेसिस अमुक इंजिन घेऊन बाहेर पडली असं. जुळलं तर "मॅचिंग नंबर्स". इंजिन बदललेलं असेल, तेही त्याच टाइपचं आणि त्याच काळातलं, तरी भाव चांगलाच पडतो. किती पडतो हे विकणारा दहा टक्के सांगेल आणि घेणारा तीस, सौदा मधे कुठेतरी होतो.

फेरारीत अजून एक भानगड आहे ती म्हणजे इंटर्नल नंबर. इंजिन नंबर सहसा चेसिसच्याच आकड्याचा असतो, पण त्याशिवाय कारखान्याचा अंतर्गत क्रमांक इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर पंच केलेला असतो. कोणी दुसऱ्या इंजिनावर तुमच्या चेसिसचा नंबर ठोकला तरी इंटर्नल नंबर चुगली करतो. तो फॅक्टरीच्या बिल्ड शीटवर, म्हणजे गाडी बनवतानाच्या नोंदीच्या कागदावर लिहिलेला असतो.

नंबर बघताना टॉर्च तिरका धरा, समोरून नको. खरे आकडे हाताने हातोडी आणि पंचने मारलेले असतात त्यामुळे थोडे वरखाली, खोली कमीजास्त, हे नॉर्मल आहे. संशय कधी घ्यायचा तर नंबरच्या भोवतीची जागा आसपासच्या कास्टिंगपेक्षा गुळगुळीत असेल, ग्राइंडरच्या बारीक समांतर रेषा दिसत असतील, किंवा आकड्यांची ढब त्याच काळातल्या दुसऱ्या गाडीपेक्षा वेगळी असेल, विशेषतः १, ४ आणि ७ बघा. म्हणून सांगितलं आधी शंभर फोटो बघा, तुमच्या फोनमध्ये खऱ्या गाड्यांच्या नंबरचे फोटो साठवलेले पाहिजेत, तिथल्या तिथे ताडून बघता येतात. आणि मालक "नंबरवर ग्रीस आहे, नंतर पुसून पाठवतो" म्हणाला तर खिशातून फडकं काढून तिथेच पुसा.

पायरी ४ : कागद

इटलीत राहिलेली गाडी असेल तर नशीब चांगलं, कारण तिकडे पी.आर.ए. नावाचं सरकारी रजिस्टर आहे, आचि ही ऑटोमोबाइल क्लब संस्था ते सांभाळते, आणि तिथून गाडीच्या मालकांचा क्रमवार उतारा काढता येतो, त्याला एस्त्रात्तो क्रोनोलोजिको म्हणतात. आपल्याकडे जमीन घेताना सातबारा आणि फेरफार बघतो ना, अगदी तसंच, पहिला मालक कोण, कधी विकली, कुठल्या जिल्ह्यात गेली, कधी एक्स्पोर्टसाठी नाव कमी केलं, सगळं. काळ्या रंगाची जुनी नंबरप्लेट अजून गाडीवर असेल तर इटालियन लोक तिच्यासाठी वेगळे पैसे मोजतात.

मग कारखान्याचं सर्टिफिकेट. लॅम्बोर्गिनीचं पोलो स्तोरिको नावाचं खातं सांताआगाता बोलोन्येसेला आहे, २०१५ पासून, ते जुन्या रेकॉर्डवरून गाडी तपासून देतात. फेरारीचं क्लासिके खातं मारानेल्लोला, त्यांचं सर्टिफिकेट एका लाल फोल्डरमध्ये येतं म्हणून सगळे त्याला रेड बुक म्हणतात. दोन्हीला वेळ लागतो आणि पैसे लागतात, पण विकणाऱ्याकडे ते नसेल आणि गाडी महागाची असेल तर सौद्यात अट घाला की सर्टिफिकेट मिळेल असं लिहून दे, नाही मिळालं तर डिपॉझिट परत. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या की रेड बुक असणं म्हणजे गाडी फॅक्टरी स्पेकची आहे, गाडी तंदुरुस्त आहे असा त्याचा अर्थ होत नाही, आणि कारखान्याने नवीन इंजिन ब्लॉक दिला असेल तरी सर्टिफिकेट मिळू शकतं, त्यामुळे रेड बुक उघडून आत काय लिहिलंय ते वाचा. लोक नुसतं कव्हर बघून खूश होतात.

इतिहासाने भाव कसा बदलतो याचं एक भारी उदाहरण आहे. १९६९ च्या 'द इटालियन जॉब' या प्रसिद्ध ब्रिटिश सिनेमाच्या सुरुवातीला नारिंगी मिउरा आल्प्सच्या घाटातून जाते, ती गाडी नक्की कुठली यावर पन्नास वर्षं लोकांची भांडणं चालू होती. २०१९ ला पोलो स्तोरिकोने कागदपत्रं आणि गाडी तपासून चेसिस ३५८६ हीच ती असं जाहीर केलं. त्या दिवसाच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गाडीच्या पत्र्यात काडीचा फरक नव्हता, बदलला तो फक्त कागद, आणि भाव त्यावरच ठरतो.

कागदात खड्डा असेल, म्हणजे १९७८ ते १९८५ गाडी कुठे होती कोणालाच माहीत नाही, तर विचारा. बऱ्याचदा उत्तर साधं असतं, कोणाच्या तरी कोठारात पडून होती. कधी कधी उत्तर अपघात असतं. फेरारीसाठी मार्सेल मासिनी या स्विस अभ्यासकाचे चेसिसवार रिपोर्ट बाजारात मानले जातात, मोठ्या सौद्यात तो रिपोर्ट बहुतेक असतोच.

पायरी ५ : प्रत्यक्ष गाडी

स्वतः जा, आणि त्या मॉडेलचं काम करणारा मेकॅनिक बरोबर घ्या. इटलीत मोदेनाच्या पंचक्रोशीत असे म्हातारे मेकॅनिक अजून आहेत ज्यांनी तरुणपणी कारखान्यात काम केलंय, त्यांच्या एका दिवसाचे पैसे द्यायला कचरू नका. विकणाऱ्याचाच मेकॅनिक नको. आणि गाडी गार पाहिजे असं आधीच सांगून ठेवा, तुम्ही पोचायच्या आधी गरम करून ठेवलेली असेल तर त्यात काहीतरी लपवायचं असतं किंवा मालक भोळा असतो.

लोहचुंबक घेऊन जायची टीप सगळीकडे वाचायला मिळते, पण मिउराच्या पुढच्या आणि मागच्या मोठ्या उघडणाऱ्या भागांवर तो चिकटणारच नाही कारण ते अॅल्युमिनियमचे आहेत. नवखा माणूस तिथे घाबरतो की सगळी पुट्टी भरलीय. मधला सांगाडा स्टीलचा आहे, दारांखालचा सिलचा भाग, तिथे चुंबक लावा, तिथेच गंज लागतो आणि तिथेच पुट्टी असते. रंगाची जाडी मोजायचं मीटर घ्यायचं तर अॅल्युमिनियमवर पण चालणारं घ्या, साधं मीटर फक्त लोखंडावर चालतं. पॅनेलभर रीडिंग सारखं येतंय का बघा, मधेच आकडा एकदम तिप्पट-चौपट झाला की तिथे काम झालंय.

मूळ रंग शोधायला कार्पेटची कड उचला, डॅशबोर्डच्या खाली टॉर्च मारा, स्टेपनीच्या खड्ड्यात बघा. ऐंशीच्या दशकात हजारो इटालियन गाड्या लाल रंगवल्या गेल्या कारण लाल लवकर विकली जायची, आता उलटं झालंय, मूळची तपकिरी नाहीतर हिरवी गाडी त्याच रंगात असेल तर तिला जास्त मागणी आहे.

आता मिउराचं सगळ्यात महत्त्वाचं. चार वेबर कार्बोरेटर, प्रत्येकी तीन घशांचे, इंजिनाच्या डोक्यावर बसलेत. ट्रॅफिकमध्ये आयडलला गाडी उभी राहिली की पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन खाली गळू शकतं आणि खाली गरम इंजिन आणि इग्निशन. अनेक मिउरा अशाच जळाल्यात. म्हणून सेल्फ मारायच्या आधी मागचं झाकण उघडायला सांगा, नाक जवळ न्या, पेट्रोलचा हलका वास चालेल, ओला वास चालणार नाही. कार्बोरेटरच्या बुडाशी बोट फिरवा. रबरी पाइप दाबून बघा, नवा पाइप दबतो आणि परत येतो, जुना कडक झालेला असतो आणि वाकवला तर बारीक चिरा दिसतात. वायरिंगवर कुठे जळाल्याच्या, नवीन टेप गुंडाळल्याच्या खुणा आहेत का बघा. कधीतरी आग लागली होती का हे सरळ विचारा, आणि उत्तर देताना मालक कुठे बघतो ते पण बघा.

मग गाडी चालू करा. पहिल्या झटक्यात चालू नाही झाली तर घाबरू नका, इलेक्ट्रिक पंपाला कार्बोरेटर भरायला वेळ द्यावा लागतो. चालू झाल्यावर सुरुवातीला खोकेल, शिंकेल, बारा सिलिंडर एकेक करून जागे होतात. निळा धूर थोडा चालेल, सतत नको. ऑइल प्रेशर गार असताना नेहमीच छान दिसतं, अर्धा तास चालवून गरम झाल्यावरचा आकडा लिहून घ्या. कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्टचे (सिलिंडर दाब किती धरतो आणि किती गळतो ते बघायच्या चाचण्या) बारा आकडे लेखी मागा, त्यात एखादा सिलिंडर बाकीच्यांपासून फटकून असेल तर सहा आकडी युरोचा विषय असू शकतो.

अजून एक, पी४०० आणि एस मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकच ऑइल वापरतात. गिअरची झीज झाली की धातूचा चुरा इंजिनात फिरतो. एसव्हीच्या काळात हे वेगळं केलं, आणि आधीच्या अनेक गाड्यांना नंतर तो बदल केलेला असतो. ऑइल काढून मॅग्नेटिक प्लगवर काय चिकटलंय ते बघू देत असेल तर उत्तम, बारीक काळी पेस्ट ठीक, चमकणारे तुकडे असतील तर घरी जा.

चालवताना गार गाडीत दुसरा गिअर पडत नसेल तर डिनो, ३०८, टेस्टारोसा अशा फेरारीत ते नॉर्मल समजतात, पहिल्यातून थेट तिसऱ्यात टाकतात लोक. गरम झाल्यावर पण करकर वाजत असेल तर सिंक्रो (गिअर बिनआवाज जुळवणारा भाग) गेलाय. मिउराची पेट्रोलची टाकी पुढे आहे, टाकी रिकामी होत आली की वेगात नाक हलकं होतं, हे टेस्ट ड्राइव्हला हायवेवर कळलं तर दचकायला होतं म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पायरी ६ : भाव काढणं

विचारलेली किंमत म्हणजे भाव नाही हे तर तुम्हाला माहीतच आहे. झालेले सौदे बघा. आरएम सदबीज, बॉनहॅम्स, गुडिंग यांच्या साइटवर जुने निकाल फुकट बघता येतात. एक बारीक गोष्ट जिथे नवे लोक हमखास गोंधळतात: ऑक्शनच्या आधी छापलेला अंदाज हा हातोडी पडते त्या रकमेचा असतो आणि नंतर जाहीर होणारा निकाल खरेदीदाराचं कमिशन धरून असतो. कमिशन दहा-बारा टक्के किंवा त्याहून जास्त. म्हणजे "अंदाज १० लाख, विकली गेली ११ लाखाला" याचा अर्थ गाडी अंदाजाच्या वर गेली असा होत नाही, साधारण दहाला हातोडी पडलीय.

मग कंडिशन. हॅगर्टी या जुन्या गाड्यांच्या इन्शुरन्स कंपनीच्या प्राइस गाइडमध्ये १ ते ४ असे वर्ग आहेत, १ म्हणजे कॉन्कूरमध्ये (जुन्या गाड्यांच्या सौंदर्यस्पर्धेत) बक्षीस घेणारी, २ एकदम उत्तम, ३ चांगली चालणारी, ४ कामचलाऊ. जाहिरातीतली प्रत्येक गाडी २ असते आणि खऱ्या अर्थाने बहुतेक ३ असतात.

हिशोब मी असा मांडतो. समजा (हे आकडे फक्त समजायला) उत्तम मिउरा एसचा झालेला सौदा १५ लाख युरो आहे. समोरच्या गाडीला मूळ इंजिन आहे पण रंग बदललेला, इंटिरिअर नव्याने केलेलं चुकीच्या लेदरमध्ये, सिलमध्ये गंज, आणि इंजिन उघडून पंचवीस वर्षं झालीत. आता प्रत्येक गोष्ट सुधारायचा खर्च कोटेशन घेऊन लिहा, अंदाजाने नाही. तो १५ मधून वजा करा. मग त्यातून अजून थोडं वजा करा कारण उघडल्यावर काहीतरी निघतंच आणि दोन वर्षं गाडी वर्कशॉपमध्ये अडकते. जो आकडा राहील त्याच्या वर जाऊ नका, मालक कितीही गोड बोलला तरी. मिउराचं पूर्ण रिस्टोरेशन कित्येक लाख युरोत जातं, त्यामुळे "स्वस्तात घेऊ आणि करून घेऊ" हा हिशोब जवळपास कधीच जुळत नाही.

याला मोठा अपवाद म्हणजे हात न लागलेली गाडी. २०१७ ला मारानेल्लोतच झालेल्या ऑक्शनमध्ये जपानच्या एका गॅरेजमध्ये जवळपास चाळीस वर्षं पडून असलेली डेटोना आली, वर धुळीचा थर तसाच ठेवलेला, पुसली पण नव्हती. पण ती रस्त्यावर चालवायची अॅल्युमिनियम बॉडीची एकुलती एक डेटोना, १९६९ ची. १८ लाख युरोच्या वर गेली. त्याआधी २०१५ ला पॅरिसला बायों कलेक्शनमधली २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर, मासिकांच्या ढिगाऱ्याखाली सापडलेली, १.६ कोटी युरोच्या वर. धुळीला कोणी पैसे देत नाही, तिच्याखाली १९६९ चा रंग, १९६९ चं लेदर, कारखान्यातले स्क्रू आहेत आणि ते परत बनवता येत नाहीत त्याला देतात. पण हे डोक्यात ठेवून कुठल्याही गंजक्या फेरारी ३०८ ला बार्न फाइंड (कोठारात सापडलेली गाडी) म्हणून विकणारे पण खूप झालेत, सावध राहा.

बाजाराची हवा पण बघा. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी गेले आणि आधीच तापलेला बाजार वेडा झाला, एफ४० सारख्या नव्या फेरारीवर लोक कारखान्याच्या किमतीच्या कित्येक पट मोजत होते, आणि नव्वदच्या सुरुवातीला सगळं धाडकन खाली आलं, कर्ज काढून घेतलेल्यांचे वांदे झाले. त्यामुळे गुंतवणूक म्हणून कर्जावर ही गाडी घेऊ नका, माझं हे मत ठाम आहे.

पायरी ७ : सौदा आणि पैसे

ऑक्शनला गाडी "आहे तशी" विकतात, कॅटलॉगमधल्या कौतुकाची जबाबदारी कोणी घेत नाही, म्हणून प्रीव्ह्यूच्या दिवशी जाऊन बघणं हाच एक उपाय. डीलरकडे भाव जास्त पण भांडायला माणूस सापडतो. थेट मालकाकडून घेणं सगळ्यात छान, पण त्यासाठी ओळखी लागतात आणि ओळखी होतात त्या मेळ्यांत. ऑक्टोबरमध्ये बोलोन्याला आऊतो ए मोतो देपोका भरतो (आधी पादोव्हाला असायचा), जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीच्या सुरुवातीला पॅरिसला रेत्रोमोबिल. तिकडे पार्टवाल्यांच्या टेबलांवर जास्त वेळ घालवा, गाड्यांच्या स्टॉलवर कमी, कुठली गाडी खरी आणि कुठली जोडलेली हे पार्टवाल्यांना बरोबर माहीत असतं.

अॅडव्हान्स वकिलाच्या किंवा एस्क्रो खात्यातच (सौदा पूर्ण होईपर्यंत तिसऱ्याकडे पैसे राहतात ते खातं) टाका. इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि "मूळ इंजिन" हे शब्द करारात लिहून घ्या, तोंडी काही नको. बाजारभावाच्या निम्म्यात दिसणारी मिउरा अस्तित्वातच नसते, फोटो दुसऱ्याच कोणाच्या तरी गाडीचे असतात.

युरोपबाहेरून गाडी आणत असाल तर तीस वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या गाडीला कलेक्टर वस्तू म्हणून कमी टॅक्स लागू शकतो, जर्मनीत ७ टक्के, ब्रिटनमध्ये ५, आणि ड्युटी शून्य. मॉडिफाय केलेली गाडी यातून बाहेर पडू शकते, तेव्हा आधी विचारा.

आणि भारतात आणायचा विचार करणाऱ्यांसाठी, कारण हा प्रश्न कोणीतरी विचारणारच: पूर्वी १९५० च्या आधीच्याच गाड्या आणता यायच्या, २०२५ ला नियम सैल होऊन ५० वर्षं जुन्या गाड्यांना वाट मोकळी झाली. म्हणजे मिउरा बसते, डेटोना बसते, एफ४० बसत नाही. पण ड्युटी आणि बाकी टॅक्स मिळून गाडीच्या किमतीइतकी किंवा जास्तच रक्कम जाते हे धरून चाला, आणि क्लिअरिंग एजंटकडून लेखी आकडा घेतल्याशिवाय गाडी जहाजावर चढवू नका. रजिस्ट्रेशन २०२१ च्या व्हिंटेज नियमांत होतं, नंबरात "व्हीए" येतं, फी २० हजार, दहा वर्षांसाठी, आणि रोज ऑफिसला न्यायची परवानगी नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. गाडी डाव्या स्टिअरिंगची असणार, त्याला मोटर वाहन कायद्याप्रमाणे चालू स्थितीतले इंडिकेटर सक्तीचे आहेत. आणि मुंबई-पुण्याच्या स्पीडब्रेकरवर मिउराचं पोट... असो.

पायरी ८ : गाडी दारात आल्यावर

इन्शुरन्स ठरलेल्या किमतीचा घ्या, म्हणजे गाडी गेली तर कंपनी किती देणार हे पॉलिसीवर आधीच लिहिलेलं असतं. बाजारभावावरचा साधा इन्शुरन्स इथे कामाचा नाही.

टायर बघा. नक्षी भरपूर शिल्लक असते आणि रबर वीस वर्षांचं असतं, बाजूला चार आकडे छापलेत त्यातले शेवटचे दोन म्हणजे वर्ष. पिरेली आणि मिशलँ दोघंही जुन्या मापाचे, जुन्या नक्षीचे टायर परत बनवतात, तेच घाला, कॉन्कूरला पण चालतात. फेरारी बॉक्सर किंवा टेस्टारोसा असेल तर टायमिंग बेल्ट शेवटचे कधी बदलले त्याचं बिल शोधा, बिल नसेल तर बदललेच नाहीत असं समजा, आणि त्यासाठी इंजिन बाहेर काढावं लागतं म्हणून आधीच पैसे बाजूला ठेवा. बऱ्याच एफ४० ना पेट्रोलच्या रबरी टाक्या आहेत, त्यांची मुदत संपते, तो खर्च मालकाने केलाय का ते सौद्याच्या वेळीच विचारायचं. मिउरा आणि डेटोनाला चेन आहे, तिथे ही काळजी नाही.

पहिल्या महिन्यातच पेट्रोलच्या सगळ्या रबरी लाइन बदलून टाका, इथेनॉलला टिकणाऱ्या घाला, युरोपात ई१० आणि भारतात ई२० (दहा आणि वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) ने जुनं रबर फुगतं आणि चिरतं. पेट्रोल लाइनला हाताशी येईल असा बंद करायचा कॉक बसवा. सीटच्या मागे दोन किलोचं फायर एक्स्टिंग्विशर ठेवा, आणि दर वर्षी त्याची तारीख बघा.